मानूस हुभा हाय

मेहबूबचाचा एकदा पाहुण्याला निरोप द्यायला घरातून निघाले आणि थेट सुप्याला पोचले. पारनेरच्या स्टँडवर पाहुण्याची पिशवी वर ठेवायला म्हणून ते एसटीत चढले होते. "पोचल्यावर फोन करा, घरी समद्यांना सलाम सांगा" असं चाललं होतं, तेवढ्यात कंडक्टरने बेल मारली. थांबवा म्हणायची चाचांना भीड वाटली. चालत्या गाडीला आपल्यासाठी कशाला खोळंबा! त्यांनी गुपचूप सुप्याचं तिकीट काढलं. सुप्याला उतरले आणि ती बस दिसेनाशी होईपर्यंत पुन्हा हात हलवत उभे राहिले. पायात घरातल्या चपला होत्या.

हे मला त्यांच्या बायकोने, रजियाचाचीने सांगितलं. ती सांगत असताना चाचा शेजारी बसून हसत होते. म्हणाले, "समोर मानूस हुभा हाय, त्याला पाठ कशी दावायची गं पोरी?"

हे त्यांचं नेहमीचं बोलणं. फोनवरसुद्धा ते कधी आधी फोन ठेवायचे नाहीत. समोरच्याने ठेवेपर्यंत कानाला लावून बसायचे. दोन्हीकडे अशीच माणसं असली की काय होत असेल, याचा मी तेव्हा विचार केला नव्हता. तो योग पुढे आला.

नागापूरच्या एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी इंजिनिअर म्हणून लागले, तिथे चाचा प्रेस शॉपचे, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या विभागाचे, सुपरवायझर होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सगळीकडे सांगते, इथेही सांगते. कामावरचे लोक मला 'मॅडम' म्हणायचे आणि तो शब्द जरा ताणायचे. चाचांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कुठली गं पोरी तू?" मी पारनेर तालुक्यातली निघाल्यावर संध्याकाळी मला गेटपर्यंत सोडायला आले आणि माझी रिक्षा वळेपर्यंत तिथेच उभे राहिले. मला त्याचा रागच आला. मी काय लहान होते?

या भिडेची किंमत मला नंतर कळली. चाचा रिटायर झाले त्या दिवशी नारळ, शाल, फोटो सगळं झालं. दुसऱ्या दिवशी मालकांचा मुलगा, ज्याला सगळे धाकटे साहेब म्हणायचे, चाचांच्या दारात गाडी घेऊन हजर. "चाचा, नवीन माणूस तयार होईपर्यंत. फक्त सहा महिने." चाचा म्हणाले, "बघू साहेब." चाचांचं 'बघू' म्हणजे 'हो', हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं. सहा महिने झाले, पुढचे सहा झाले, त्याच्याही पुढचे चालू झाले. नवीन माणूस काही तयार होईना, कारण तो तयार होण्याची गरजच कोणाला नव्हती.

इकडे रजियाचाचीच्या साखरेने तिचे डोळे खायला सुरुवात केली होती. तिची एकच मागणी होती. भंडारदऱ्याचं भरलेलं धरण बघायचं आणि तिथे चार दिवस राहायचं. तिचा बाप तिकडे बांगड्या विकायला जायचा, तो घरी येऊन त्या पाण्याच्या गोष्टी सांगायचा. आमच्या भागात पाणी बघायचं ते टँकरच्या पाइपातून. मी एकदा त्यांच्या घरी गेले तर चाची मला म्हणाली, "डाक्टर म्हनतो नजर हळूहळू जाईल. हे म्हनत्यात सहा म्हैने. दोघांत कोनावर इश्वास ठिवू सांग. आन तुझ्या चाचाला इचार, त्या साहेबापुढं मान हलती ती वर-खालीच हलती का? आडवी हलतच न्हाई?"

चाचा मान खाली घालून शेंगा सोलत बसले होते.

अशात जपानला जायचं निघालं. तिकडच्या एका नदीकाठच्या गावात एक छोटा कारखाना बंद होत होता आणि त्यातली जुनी पण दणकट प्रेस साहेबांना हवी होती. ती बघून सांगायला चाचा, आणि बोलायला मी. पदवीनंतर मी नगरला संध्याकाळच्या क्लासला जाऊन जपानी शिकले होते. त्यावरून लोक हसले होते, ते आता हसेनात.

त्या गावाबद्दल काय सांगू? दोन्ही बाजूंनी डोंगर, मधून हिरवी नदी, नदीला लागून एक रस्ता आणि रस्त्याला लागून घरं. घरांचे दरवाजे सरकते आणि सगळे बंद. बरीचशी घरं रिकामीच होती, माणसं शहरात गेलेली. रस्त्यावर आवाज नाही. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. चाचा नदीकडे बघत म्हणाले, "एवढं पानी चाललंय आन एक बाई हांडा घिऊन आली न्हाई."

आम्ही एका आजींकडे उतरलो. त्या एकट्याच राहायच्या आणि दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. कमरेत वाकलेल्या. जेवण वाढताना खाली बसायच्या नाहीत. बसलं की उठता येत नाही, असं हसून सांगायच्या. चाचा भात, मासा आणि चाचीने दिलेली शेंगदाण्याची चटणी खायचे. आजींना त्यांनी चमचाभर चटणी दिली. आजी खोकल्या, डोळ्यांतून पाणी आलं, पाणी प्यायल्या आणि वाटी पुन्हा पुढे केली. "शाब्बास!" चाचा म्हणाले. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दोघं तासन् तास बोलत.

काम दोन दिवसांत संपलं. पण पाऊस लागला, डोंगर घसरून रेल्वे बंद झाली आणि आम्ही अडकलो. बाहेर पाऊस, आत चटया अंथरलेली खोली, खिडकीत ती एकच नदी. सुरुवातीला मला बरं वाटलं, मग भिंती जवळ आल्यासारख्या वाटायला लागल्या. त्यात रोज धाकट्या साहेबांचा व्हिडिओ कॉल.

"चाचा, मशीन कशी आहे?"

"चांगली हाय साहेब."

"मग घेतो. पण तुम्ही आहात म्हणून घेतो हां. तीन वर्षं तरी तुम्हीच उभे राहायचं तिच्यापाशी. हो म्हणा, लगेच पैसे पाठवतो."

चाचांनी 'बघू' म्हटलं नाही. पण 'नाही'ही म्हणवेना. ते घसा खाकरायचे, पावसाचं बोलायचे, फोन कलता व्हायचा आणि साहेबांना छत दिसायचं. साहेब म्हणायचे, "बरं, उद्या सांगा," आणि फोन ठेवायचे. मग चाचांना घरी फोन करायचा असायचा, पण तो ते करायचे नाहीत. "काय सांगू रजियाला? तीन वर्षं?" एवढं बोलून खिडकीशी बसायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "चाचा, दोन अक्षरं आहेत. ना आणि ही."

"तुला सोपं हाय गं. तू शिकलीस," ते म्हणाले. "तो माझ्यासमोर लहानाचा मोठा झाला. चड्डीत यायचा कारखान्यात. आता समोर हुभा ऱ्हातो आन मागतो. मानूस मागत असताना तोंड कसं फिरवू?"

अखेर रेल्वेऐवजी बस सोडणार असं कळलं. सकाळी निघायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी साहेब म्हणाले, "चाचा, उद्या बसमध्ये बसायच्या आधी हो कळवा. मशीन विकणाऱ्यांना आणखी थांबवून ठेवता येत नाही."

सकाळी आजी दारापर्यंत आल्या, दारातून फाटकापर्यंत आल्या. कमरेत आणखी वाकून नमस्कार केला. चाचांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. आम्ही निघालो. नदीकाठचा रस्ता सरळ, थेट बसथांब्यापर्यंत दिसणारा. थोडं गेल्यावर चाचा वळले. आजी तिथेच. त्या वाकल्या, चाचा झुकले. पुन्हा थोडं चाललो, पुन्हा वळले. आजी तिथेच. पाऊस भुरभुरत होता आणि त्यांनी छत्री आणली नव्हती.

"चाचा, बस येईल."

"अगं पन ती हुभी हाय."

"त्यांच्याकडे तशी पद्धतच आहे. पाहुणा दिसेनासा होईपर्यंत आत जात नाहीत."

चाचा थांबलेच. "आन ती दिसती तवर मी कसा वळू? तू जा, सांग तिला आत जायाला."

मी बॅग ठेवून पळत मागे गेले. आजींना म्हटलं, कृपा करून आत जा. आजी हसल्या. "छे छे. ते अजून दिसताहेत ना." मी पळत परत आले आणि निरोप सांगितला. चाचांनी आजींकडे बघून दोन्ही हातांनी 'जा, जा' केलं. आजींनी दोन्ही हातांनी 'या, या' केलं. लांब थांब्यावर बस आली, उभी राहिली, दार उघडलं, दार मिटलं आणि बस गेली. मी चाचांवर ओरडले. काय बोलले ते आठवत नाही, पण मोठ्याने बोलले. त्या गावात एवढ्या मोठ्याने कोणी बोललं नसेल.

चाचांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते डोळे बारीक करून आजींकडे बघत होते. आजींनी फाटकाचा खांब धरला होता. एक पाय उचलायच्या, तो टेकवून दुसरा उचलायच्या.

"अगं," चाचा हळूच म्हणाले, "तिची कंबर. मी हितं अदब करतोय आन तिकडं तिचा जीव चाललाय."

त्यांनी बॅग उचलली आणि पाठ फिरवली. मी त्यांना असं पहिल्यांदाच बघत होते. एक बंद दुकान होतं, त्याच्या भिंतीआड ते शिरले, आणि मग चोरासारखं डोकं काढून पाहू लागले. मीही पाहिलं. आजींनी मोकळ्या रस्त्याला एकदा नमस्कार केला. मग खांबाला धरून त्या हळूहळू वळल्या आणि दाराच्या पायरीवर मटकन बसल्या. दोन्ही हातांनी गुडघे दाबत राहिल्या.

चाचांनी बॅग खाली ठेवली.

"मी गेलो तवा ती बसली," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "रजिया किती वर्सं हुभी हाय गं."

पुढची बस दुपारची होती. पत्र्याच्या शेडखाली बसून चाचांनी स्वतःहून साहेबांना फोन लावला. 

"साहेब, मशीन चांगली हाय. घ्या. पन माझ्यासाठी घिऊ नका. मी न्हाई येनार."

"चाचा? म्हणजे काय? अहो, असं अचानक..."

"अचानक न्हाई. लई उशीर झाला. तुमच्यावर राग न्हाई साहेब. पन न्हाई."

तिकडून साहेब बोलतच राहिले. विश्वास, घरचा माणूस, वडिलांच्या वेळेपासून. चाचांचे डोळे भरून आले. 'न्हाई' म्हणून झालं होतं, पण फोन ठेवणं त्यांना जमेना. त्यांनी तो माझ्यापुढे धरला आणि मोबाईलवर हात ठेवून पुटपुटले, "तूच बंद कर गं पोरी. माझ्याच्यानं तेवढं व्हत न्हाई."

मी बंद केला.

मशीन आली. आज ती दुसराच माणूस चालवतो. बरी चालवतो.

चाचा-चाची त्या पावसाळ्यात भंडारदऱ्याला गेले. चार दिवसांचे दहा झाले. आल्यावर चाची म्हणाली, "मधलं जरा धुकट दिसलं, पन कडंकडंनं लई पानी हुतं." मग चाचा मला सोडायला आले, पण फक्त गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. "जा, मी वळतो," म्हणाले आणि खरंच वळले. ती एकटी बसलीय, म्हणाले.

असे दोन पावसाळे मिळाले त्यांना. मग एका सकाळी चहाची बशी हातात असतानाच चाचा गेले.

मी अजून पारनेरला जाते. चाचीला आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. मागच्या खेपेला मी निघाले तशी ती भिंतीला धरत दारापर्यंत आली आणि चौकटीला हात लावून उभी राहिली. मी कोपऱ्यावर जाऊन वळले. ती तशीच उभी होती. मी गेले की नाही, हे तिला कळणार कसं? गल्लीतून कोणी सायकलवाला गेला तरी ती त्याच्याकडे मान हलवत होती.

"चाची!" मी कोपऱ्यावरून ओरडले. "गेले मी! बसा आता!"

"गेलीस?"

"गेले!"

तिने हाताने उंबरा चाचपला आणि ती खाली बसली. मग मी वळले.