खाली घातलेले डोळे

नूरबी खाला आज सकाळी गेल्या. त्यांना चोर मी ठरवलं होतं.

तेव्हा मी तेरा वर्षांची होते.

खालांच्या नातीनं पाठवलेला फोटो सोबत टाकलाय. त्याखाली 'किती शांत चेहरा' असं कृपया कुणी लिहू नका. चेहऱ्यावरून माणूस कळतं, हा माज मला एकदा येऊन गेलाय.

येरमाळ्यापासून आत आमचं गाव. ऐंशीच्या दशकातला उन्हाळा, लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिलेला. टँकर दोन दिवसांआड यायचा आणि त्याच्या आवाजानं गाव घागरी घेऊन पळायचं.

माझे वडील, अण्णा, गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. मी सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये, हॉस्टेलला. सुट्टीत घरी आले की सकाळी संस्थेत जाऊन बसायचं.

त्याचं कारण खाला.

एक म्हैस आणि तीन लेकरं, एवढा त्यांचा संसार. दूध मापात ओतायच्या आधी चरवीतला फेस माझ्या ओंजळीत घालायच्या.

"आधी गुड्डीला. मग तुमची संस्था."

तो कोमट फेस ओठाला लागायचा आणि विरून जायचा. अजून आठवतो.

त्या सुट्टीत एका दिवशी डेअरीनं गावचे कॅन परत पाठवले. दूध पातळ आहे, पाणी घातलंय. पुन्हा असं झालं तर गावाचं दूध बंद.

दूध तपासायची काचेची नळी महिन्यापूर्वीच फुटली होती. नवी आली नव्हती.

म्हणून अण्णांनी चेहरे तपासले.

दूध घालणाऱ्या सगळ्यांना आमच्या ओसरीवर बोलावलं. चार पंच सतरंजीवर, मी खांबाला टेकून. एकेकजण पुढं यायचा, छाती काढून बोलायचा. एकानं येडाईची आण घेतली. एकजण तर अण्णांवरच ओरडला, "माझ्या दुधावर संशव? गावात ऱ्हायचं का न्हाय आमी?"

मग खाला आल्या. पदर कपाळापर्यंत, नजर स्वतःच्या पायाच्या बोटांवर.

"नूरबी, पाणी घातलं का?"

"मालक, प्यायला पाणी न्हाय. दुधात कुठनं घालू?"

सगळे हसले. इतकं सरळ उत्तर त्या ओसरीवर दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं, आणि त्यालाच हसले.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. थोडं थट्टेत, थोडं कौतुकानं.

"बोला कॉन्व्हेंटवाले. तुमची शाळा काय म्हणते?"

मी म्हणाले, "अण्णा, खाला डोळ्यांत बघून बोलत नाहीयेत."

आमच्या शाळेत सिस्टर हनुवटी धरून तोंड वर करायच्या. 'लुक ॲट मी व्हेन आय टॉक टू यू.' नजर खाली गेली की खोटं. वर्षभर तेच शिकले होते.

आणि घरी? घरी माझी आई मोठ्या काकांशी दाराआडून बोलायची. समोर यायची वेळ आलीच तर जमिनीकडं बघत.

आईचे खाली घातलेले डोळे मला कधी चोराचे वाटले नाहीत.

खालांचे वाटले.

त्याच दिवशी ठराव झाला. पंचांनी सह्या केल्या. दुसऱ्या सकाळी खाला चरवी घेऊन आल्या, तर त्यांचं दूध घेतलं नाही. त्या चरवी झाकून माघारी गेल्या. फेस मागायला मी उठलेच नाही.

आठ दिवसांत कॅन पुन्हा परत आले. आता त्यात खालांचं दूध नव्हतं.

डेअरीचा माणूसच म्हणाला, "जनावरं नुसतं उसाचं वाळलेलं वाढं खातायत. दूध पातळच येणार. सगळीकडं हेच चाललंय."

मी अण्णांना म्हणाले, "मग खालांना परत घ्या."

"ठराव झालाय. आता फिरवला तर संस्थेची काय इज्जत राहील?"

सुट्टी संपली, ट्रंक भरली, सोलापूरला गेले. दिवाळीत आले तेव्हा खालांच्या दारात म्हैस नव्हती, नुसता खुंटा होता.

अण्णा गेले तेव्हा, कितीतरी वर्षांनी, खाला भेटायला आल्या. उंबऱ्याजवळ बसल्या. मी जवळ जाऊन म्हणाले, "खाला, त्या दिवशी नाव मी घेतलं होतं."

"ठाव हाय."

"तुम्ही खाली बघत होतात, मला वाटलं..."

"मग काय चार बाप्यांच्या तोंडाकडं टकामका बघायचं व्हतं? तसं बघितलं आस्तं तर म्हणला आस्ता, नूरबीला लई मस्ती आलीया."

एवढं बोलून त्या माझ्याकडं बघून हसल्या. चहा विचारला तर म्हणाल्या, "कोरा दे. दूध नगं."

सुतकाच्या घरचा संकोच, असं मी समजले. आणि ते हसू म्हणजे माफी. बहिणीला, मैत्रिणींना, सगळ्यांना सांगत आले, खालांनी मला माफ केलं.

आज फोनवर त्यांच्या नातीला सहज म्हणाले, "खालांना कोरा चहा आवडायचा, नाही?"

ती म्हणाली, "आवडायचा न्हाय मावशी. म्हैस गेल्यापासनं दादीनं दुधाला तोंड लावलं न्हाय. आम्ही आग्रह केला की म्हणायची, नगं बाबा, कुणी म्हणंल ह्यात पाणी हाय."

म्हणजे त्या दिवशी उंबऱ्याजवळ त्या हसल्या, ते काय होतं, मला माहीत नाही.

आता विचारायला कुणी नाही.

खाला, तुमची गुड्डी आज मान खाली घालून उभी आहे. अलविदा.