सिस्टर फोन उचलत नाहीत

कॉलेजात तिला सगळे हळूबाई म्हणत. चालणं हळू, बोलणं त्याहून हळू. पुस्तक मागायला ग्रंथालयाच्या खिडकीशी आली की मला अक्षरशः पुढे वाकून कान द्यावा लागे. वडील लहानपणीच गेलेले, आई कपडे शिवायची. दिवसभर चालणाऱ्या मशीनच्या आवाजावर आवाज चढवायचं पोरीला कधी जमलंच नाही, असं तिची आई मला सांगायची.

मी त्या कॉलेजची ग्रंथपाल. जी विद्यार्थी मंडळं कुणाला नको असत, ती माझ्या गळ्यात पडत. असंच एक चौकशी मंडळ. काम साधं होतं. आसपास एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी आठ वाजता फोन करायचा. बरं आहे ना, औषध घेतलं का, काही आणून द्यायचंय का. फोन उचलला नाही, तर दोघांनी घरी जाऊन बघून यायचं. यादीत एकवीस माणसं, मंडळात नऊ मुलंमुली.

हळूबाई मंडळात आली ती काही समाजसेवेच्या ओढीनं नाही. तिला फोनचीच धास्ती होती. "घंटा वाजली की हाताला घाम फुटतो, मॅडम. पुढे नोकरी कशी करणार मी?" ती बोलायची वाक्यं वहीत लिहून आणायची आणि वाचून दाखवायची. तिच्या वाट्याला नेमक्या सिस्टर आल्या.

सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. वय अठ्ठ्याहत्तर, तिसऱ्या मजल्यावर एकट्या, मुलगी दूरच्या शहरात. पहिल्याच दिवशी हळूबाईनं वहीतलं वाक्य वाचलं, "आजी, बरं आहे ना?"

"मी कुणाची आजी नाही. सिस्टर म्हण. मेले का ते बघायला फोन केलास ना? नाही मेले. ठेव."

हळूबाई रडकुंडीला आली, पण दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला पुन्हा हजर. वर्षभरात तिचा एकही फोन चुकला नाही. म्हणून पुढच्या वर्षी सगळ्यांनी तिलाच मंडळाची प्रमुख केलं. ती "नको" म्हणाली होती, पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

प्रमुख होऊन महिना झाला असेल, सिस्टरांनी फोन उचलला नाही. तीनदा करून झाला. हळूबाई दोन मुलांना घेऊन धावली. बेल वाजवली, दार ठोठावलं, आत सामसूम. "तोडा," ती म्हणाली. मुलांनी खांदा लावला, कुलूप निखळलं, चौकट चिरली. घर रिकामं! आणि जिन्यातून सिस्टर वर येत होत्या, सकाळी लवकरच डोळे तपासून आलेल्या, हातात चष्म्याच्या नंबरचा कागद.

तक्रार थेट प्राचार्यांकडे गेली. त्यांनी आम्हा दोघींना समोर उभं केलं. "पुन्हा कुणाच्या दाराला हात लागला तर मंडळ बंद. नातेवाइकांनी हो म्हटल्याशिवाय काही करायचं नाही. समजलं?"

हळूबाई माफी मागायला गेली. जाताना धीर करून म्हणाली, "सिस्टर, एक जादा किल्ली आमच्याकडे ठेवाल का?"

"तुमच्याकडे? आधीच माझं दार तोडून झालंय," म्हणत सिस्टरांनी नवीन कुलपाचं दार लावून घेतलं.

तेव्हापासून पोरीनं हाय खाल्ली. एकविसाव्या नावापुढे खूण होईपर्यंत ती पाण्याचा घोटही घेत नसे. कुणाचा फोन दोनदा वाजला तरी चेहरा उतरायचा. मी म्हटलं, "सोडून दे, दुसरं कुणी बघेल." ती म्हणाली, "सोडलं तरी आठ वाजणारच ना, मॅडम."

दोन महिने असे गेले. मग एका मंगळवारी सिस्टरांनी पुन्हा फोन उचलला नाही.

या वेळी मीही सोबत गेले. आम्ही पाचजण जिन्यात उभे होतो. हळूबाईनं सिस्टरांच्या मुलीला फोन लावला. पलीकडून मुलगी वैतागून म्हणाली, "अहो, ती कुठेतरी गेली असेल. मागच्या वेळी किती तमाशा झाला! दाराला हात लावू नका. मी दुपारी करते तिला फोन."

फोन ठेवला. सगळे हळूबाईकडे बघत होते, मीसुद्धा. खरं सांगते, माझ्या डोळ्यांपुढे प्राचार्य उभे होते, आणि तिनं परत फिरू या म्हणावं असं मला मनातून वाटत होतं. आमच्यातली एक मुलगी, सगळ्यांत नवीन, हमसून हमसून रडायला लागली आणि धडाधड जिना उतरून खाली पळाली.

हळूबाईनं दाराला कान लावला. बराच वेळ. मग म्हणाली, "नळ चालू आहे."

"विसरल्या असतील," कुणीतरी म्हणालं.

"सिस्टर? परवाच मला सुनावत होत्या, शेजारी नळ सोडून ठेवतात म्हणून."

तिनं पुन्हा सिस्टरांच्या मुलीला फोन लावला. पहिली घंटा, दुसरी, पलीकडून उचलला, आणि मग हळूबाईचा आवाज चढला. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "ताई, आत पाणी वाहतंय. मी दार उघडतेय. काही निघालं नाही तर मला हवं ते बोला, पण आत्ता मी थांबणार नाही."

मग तिनं कामं वाटली. एकाला कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे पिटाळलं, दुसऱ्याला रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं. मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही शेजाऱ्यांना साक्षीला बोलवा." मीही निमूटपणे गेले. किल्लीवाला का-कू करत होता. तिनं कागदावर आपलं नाव, पत्ता, सही करून दिली.

दार उघडायला सात मिनिटं लागली. त्या सात मिनिटांत ती तीनदा म्हणाली, "चुकले असेन तर?" मी दर वेळी घड्याळ बघत होते.

सिस्टर न्हाणीघरात पडल्या होत्या. पहाटेपासून. ओठ निळसर, अंग गार, पण शुद्धीवर.

"हलवू नका मला," त्या पुटपुटल्या. "खुबा गेलाय. नळ बंद कर. पांघरूण आण. पाणी पाजू नका कुणी."

हळूबाईनं एकेक सूचना मोठ्यानं परत म्हणत पाळली. मग ओल्या फरशीवर बसून सिस्टरांचा हात हातात धरला. रुग्णवाहिका येईपर्यंत सोडला नाही.

शस्त्रक्रिया झाली. पहिले चार दिवस काही सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि ते चार दिवस हळूबाई वर्गात नुसती देहानं होती. पाचव्या दिवशी सिस्टरांनी जेवण बेचव आहे म्हणून वॉर्डात भांडण काढलं, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. सिस्टरांची मुलगी येऊन हळूबाईला भेटली. पाठीवर हात ठेवून उभी राहिली. प्राचार्यांनी नियम बदलला. यादीतल्या ज्यांची तयारी असेल, त्यांची जादा किल्ली लाखबंद पाकिटात ग्रंथालयात राहू लागली. पहिलं पाकीट सिस्टरांचं. पुढे त्या काठी टेकत दर शनिवारी येऊन मुलांना प्रथमोपचार शिकवायच्या आणि चुकणाऱ्याच्या बोटांवर फूटपट्टी मारायच्या.

वर्ष संपताना नवीन प्रमुख निवडायची वेळ आली. हळूबाईनं नाव सुचवलं ते त्या दिवशी रडत पळालेल्या मुलीचं. मुलं हसली.

"ती पळाली, खरंय," हळूबाई म्हणाली. "पण ड्रायव्हरला विचारा, रुग्णवाहिकेला गल्ली सापडत नव्हती, तेव्हा फाटकाबाहेर उभं राहून हात कोण करत होतं? रडत रडत करत होती, पण करत होती."

मग तिनं त्या मुलीला शेजारी बसवून पूर्ण महिनाभर सोबत फोन केले.

हळूबाई आता पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर आहे. दिवसाला शंभरेक फोन घेते. मध्ये तिच्या खिडकीशी गेले तेव्हा मी विचारलं, "हाताला घाम येतो का गं अजून?"

"येतो की," ती म्हणाली. "टेबलावर रुमाल ठेवलाय." एवढ्यात तिच्या मागचा फोन खणखणला आणि ती वळली.