सोयरिकीला आलेली फिट

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मला मालवाहू बोटीवर खलाशाची नोकरी लागली. मुंबईच्या डॉक्टराने छाती, डोळे, दात तपासले आणि मला ‘फिट’ ठरवलं. वडिलांना इंग्रजीतला तेवढा एकच शब्द मिळाला. तो त्यांनी कट्टा गावच्या बाजारात भेटेल त्याला ऐकवला. ‘‘आमच्या झिलाक डॉक्टरान फिट सांगल्यान!’’

त्याच बाजारात, जिच्याशी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती त्या मुलीच्या वडिलांचं दुकान होतं. आमच्या भागात फिट म्हणजे माणूस आडवा, दातखीळ बसलेली आणि नाकाशी चप्पल. त्यांनी धास्तावून आम्हा बापलेकांना घरी बोलावलं आणि गावातले चार शहाणे जमवले. मी मुंबईत शिवलेला बंद गळ्याचा नवा कोट चढवून गेलो.

‘‘तुमी फिट कधीपासून?’’ त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

‘‘जल्मापासून,’’ मी छाती फुगवून म्हणालो. ‘‘बापूस पण तसोच.’’

त्यांनी माझ्या वडिलांकडे पाहिलं. वडील अभिमानाने हसले.

शहाण्यांत एक निवृत्त मास्तर होते. महत्त्वाचं काही सांगायचं असलं की ते शुद्ध मराठीत शिरत. ‘‘फिट हा शब्द मुळात आपलाच. पांग फिटतात, हौस फिटते. साहेबाने तो इथून नेला आणि भलतेच अर्थ चिकटवून परत पाठवला.’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. भलते अर्थ कोणते, हे विचारून अडाणी ठरायला कोणीच तयार नव्हतं.

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. मी कप उचलायला वाकलो, कॉलर गळ्यात रुतली आणि असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले.

‘‘इली रे, फिट इली!’’ कोणीतरी ओरडलं. दोघांनी पाय धरले, दोघांनी हात. मास्तरांनी स्वतःची चप्पल आणून माझ्या नाकाला लावली.

मुलीने कपबशा खाली ठेवल्या, मास्तरांना बाजूला सारलं आणि माझ्या गळ्याचं बटण सोडलं. मी भसकन श्वास घेतला.

‘‘कोट घट्ट आसा,’’ ती बापाला म्हणाली. ‘‘माणूस बरो आसा.’’

मग मी घसा खाकरत बोटीच्या नोकरीसाठी झालेल्या डॉक्टरी तपासणीची सगळी हकिकत सांगितली. वैशाखात लग्न झालं. सासऱ्यांचा विश्वास मात्र पुरता बसला नाही. पुढे कित्येक वर्षं, मी विहिरीवर आंघोळीला गेलो की ते काहीतरी निमित्त काढून काठावर येऊन उभे राहत.