चरित्रातला वाघ

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याच्या या धाडसाबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

गिरगावच्या खाणावळीत माझ्या शेजारच्या पाटावर एक चरित्रकार जेवायला बसत. संस्थानिकांची चरित्रे लिहिता लिहिता त्यांचे केस पिकले होते. दरबारची शाल मात्र अजून खांद्यावर पडली नव्हती. त्यांच्या प्रत्येक महाराजांनी मुंजीआधीच एक वाघ मारलेला असे.

"सगळ्यांनीच?" मी भीत भीत विचारले.

"अहो विद्यार्थी, वाघ थोडाच तक्रार घेऊन येणार आहे? घ्या, ताक घ्या."

नव्या चरित्रावर शाल नक्की, असे ते श्रावणभर सांगत होते. अखेर दरबारचा निरोप आला: महाराज प्रसन्न आहेत, परंतु आपण लिहिलेल्या शेजारच्या राजांच्या चरित्रातही एकच वाघ आहे. शाल हवी असल्यास आमचे दोन करावेत.