शून्याचे पन्नास चिंचोके

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आम्ही बोललेलं त्यांना समजतं की नाही, हे कुणालाच सांगता येईना. काहीही विचारलं तरी मान एकाच तऱ्हेनं हलायची.

तेवढ्यात बैलांचा प्रश्न आला. आबांनीच वाढवलेली जोडी, आणि कडबा उरला होता नऊ दिवसांचा. विकायची, की माकणीकडच्या छावणीत नेऊन बांधायची?

"आबांना विचारतो," मी म्हणालो.

"दादाला काय इचारतूस?" काका म्हणाले. "त्येला आता भिंत काय अन् माणूस काय! इकून टाक. रविवारी गिऱ्हाईक घिऊन येतो."

मी दूध सोसायटीत कारकून होतो. सोसायटीला नवा कॅल्क्युलेटर आला होता, हातात मावणारा, तांबड्या आकड्यांचा. शनिवारी तो घरी न्यायची परवानगी मी चेअरमनकडून मागून घेतली. आबांसाठी त्यावर एखादा खेळ रचायचा आणि त्यातून त्यांचं डोकं शाबूत आहे का ते पाहायचं, असं मनात होतं.

पडद्यावर आकड्यांसाठी घरं आठच. पहिल्या खेळात बटणं आबांनी दाबायची होती, पण त्यांचं एक बोट दोन बटणांवर पडे. तो खेळ सोडला. मग ठरवलं, बटण मी दाबायचं आणि दिसेल तितके चिंचोके त्यांनी मांडायचे. मोजून साठ चिंचोके घेतले. उजेडात आकडे दिसत नव्हते, म्हणून पडद्यावर हाताची सावली धरली. सेल लवकर उतरत, म्हणून प्रत्येक डाव झाला की यंत्र बंद.

एक दाबला. आबांनी दहा चिंचोके मांडले.

पुन्हा एक. पुन्हा दहाच.

दोन दाखवला तर त्यांनी यंत्रच बाजूला सारलं. तीनलाही तेच. नऊ दाखवला, तेव्हा साठच्या साठ मांडून आणखी हवेत म्हणून हात पुढं केला. शेवटी शून्य ठेवलं. शून्याला तरी काही मांडायचं नसतं. आबा मांडत सुटले.

"बास कर की रं," आई म्हणाली. "आपल्याच बापाचा तमाशा करतूस व्हय?"

मी चिंचोके गोळा करायला लागलो. मोजल्याशिवाय पिशवीत टाकायची सवय नाही. उरले होते दहा. म्हणजे मांडले पन्नास. पुन्हा शून्य दाखवलं. पुन्हा बरोबर पन्नास. भरकटलेला माणूस दोनदा पन्नासावर कसा थांबेल?

"आई, आबांची शाळा कुठली?"

"निजामाच्या वक्ताची. समदं उर्दूत. आकडं बी."

लहानपणी आबांनी एका जुन्या पावतीवर मला ते आकडे दाखवले होते. एक आणि नऊ तेवढे इंग्रजीसारखे दिसतात, दोन-तीन मात्र वेगळेच. पाच म्हणजे गोल. आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. मी पडदा पुन्हा पाहिला. या यंत्रात प्रत्येक आकड्यापुढं दशांशाचं टिंब उमटतं. एक आणि टिंब, म्हणजे दहा. नऊ आणि टिंब, नव्वद. गोल आणि टिंब, पन्नास. चूक आबांची नव्हती, खेळाची होती.

टिंबावर चिकटपट्टी लावली. एकला एक चिंचोका आला. शून्याला पाच.

तरी रविवारची धास्ती होतीच. आकडे ओळखले म्हणजे बैलांचं कळेल, असं कुठं आहे? मी आबांपुढं दोन चिंचोके ठेवले. "बैलं विकायची असली तर एक द्या. छावणीत न्यायची असली तर दोन."

त्यांनी दोन सरकवले.

मला तेवढ्यानं खात्री पटेना. मी प्रश्न उलटा केला. "आता छावणीला एक, विकायला दोन."

आबांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग एक चिंचोका उचलला, तो माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटवून टाकली.

"अजून किती परीक्षांना बसवतूस त्येंला?" आई म्हणाली. "जा, दावी सोड."

काका गिऱ्हाईक घेऊन आले तेव्हा गोठा रिकामा होता.