मांडवाच्या कडेपर्यंत

नाशिकहून पेठची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर आहेराच्या साडीची पिशवी होती आणि मनात थोडी धाकधूक. यमुना आणि मी एकाच दवाखान्यात, एकाच वॉर्डात नर्स म्हणून वर्षानुवर्षं राबलो. निवृत्त झाल्यावर मी गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये रमले आणि ती पेठजवळच्या आपल्या पाड्यावर (छोट्या वस्तीवर) परतली. आता तिच्या मुलीचं, रेश्माचं लग्न होतं. फोनवर म्हणाली, "ताई, तू तरी ये. इथलं कोण येईल, सांगता येत नाही." यमुना नर्सिंग शिकताना ख्रिस्ती झाली. पाड्याला ते अजून पटलेलं नाही.

घाटात गाडी वळणं घेऊ लागली आणि खाली कापलेल्या भाताची पिवळी खाचरं दिसली. शेजारच्या बाईशी बोलण्याच्या नादात माझा फाटा मागे राहिला. पुढच्या थांब्यावर उतरून उभी राहिले, तर एका मोटारसायकलवाल्याने मागे बसवलं.

"कुणाकडं?"

"यमुनाबाईंकडे, लग्नाला."

"येशूवाल्यांकडं?" त्याने वेग कमी केला. "बाई लय चांगली. माझ्या आईला तिनंच सलाईन लावलं व्हतं. पण घरचा देव सोडला तिनं." पाड्याच्या तोंडाशी मला उतरवून तो माघारी वळला.

अंगण ताजं सारवलेलं होतं. बांबूचा मांडव, वर जांभळाच्या डहाळ्या. यमुनाने मला मिठीच मारली. नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाचं वरण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा पुढे आला. पहिल्या घासालाच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. रेश्मा हसत म्हणाली, "मावशी, हा तर कमी तिखटाचा ठेचा!"

ऊन कलताना यमुनाचा थोरला भाऊ लक्ष्मण आला. त्याचं घर दोन उंबऱ्यांपलीकडे. अंगणाच्या कडेलाच थांबला. इकडे नवरीला मांडवात आणण्याचा मान मामाचा, म्हणून त्याच्या शब्दाला वजन होतं.

"पाड्याच्या देवाला एक नारळ ठेव," तो म्हणाला. "येवढंच. मग समदा पाडा येल. मीबी येतो."

यमुना तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून ती उठली. "दादा, तू ये, जेव, मला चार शिव्या दे. पण नारळ माझ्या हातून नाही ठेवला जायचा."

"एका नारळानं काय बिघडतं?"

"मनात नसताना ठेवला तर खोटं होईल. तुझ्या देवाशीही आणि माझ्याशीही."

लक्ष्मणने पाठ फिरवली. "मग पोरीला मामा नाय," म्हणाला आणि निघून गेला.

यमुना पुन्हा तांदूळ निवडायला बसली. सगळ्या पाड्याला पुरतील एवढे. मला राहवलं नाही. "अगं, ठेवायचा होतास नारळ. रेश्मासाठी. मी ठेवला असता."

"ताई, माझा पहिला मुलगा गेला ना, तेव्हा सगळे म्हणाले, बघ, तुझ्या येशूनं काय दिलं? मुलगा नाहीच दिला परत. पण त्या दिवसांत मी एकटी नव्हते. ते मला ठाऊक आहे. आता नाही कसं म्हणू?"

मी तिच्याबरोबर तांदूळ निवडू लागले.

सकाळी नवरदेवाकडची मंडळी जीपमधून आली. त्यांच्याबरोबर आलेल्या पास्टरांनी (धर्मगुरूंनी) ढोलकीवर भजन धरलं. पाड्यातली दारं मात्र बंदच. रेश्मा नटून घरात बसली होती आणि सारखी दाराकडे बघत होती. पास्टर म्हणाले, "बाई, आणा मुलीला." यमुना पदर सावरून उठली, तेवढ्यात लक्ष्मण आला. अंगावर धुतलेलं धोतर, डोक्याला कोरा फेटा.

"मी पूजेला नाय आलो," तो मोठ्याने म्हणाला. बंद दारांनाही ऐकू जावं इतक्या. "भाचीला न्यायला आलोय."

त्याने रेश्माचा हात धरला आणि तिला अंगणातून सावकाश चालवत आणलं. मांडवाच्या पहिल्या बांबूशी येऊन थांबला. आत पाऊल टाकलं नाही. तिथून पुढे यमुनाने लेकीचा हात घेतला. प्रार्थना संपेपर्यंत तो बाहेर उन्हात उभा होता, फेट्याच्या टोकाने डोळे पुसत.

नंतर त्याची बायको आली, तिच्यामागून आणखी काही बाया. काही जेवल्या, काहींनी नुसतं पाणी घेतलं. लक्ष्मण न जेवताच गेला. भाताचं एक पातेलं उरलं. मला हळहळ वाटली. यमुना मात्र उष्टी काढताना गुणगुणत होती. "मांडवाच्या कडेपर्यंत आला गं दादा!" म्हणाली. "मी तर कुणी येईल असं धरलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत खिडकी मिळाली. ठाम माणसं कडक असतात, असं मी आजवर समजत होते. यमुनाने एकाच गोष्टीला नकार दिला होता. बाकी तिचं घर, अंगण, भात सगळ्यांना मोकळं होतं, तिला नावं ठेवणाऱ्यांनाही.

संध्याकाळी घरी पोहोचले, हातपाय धुतले आणि रोजच्यासारखी देवापुढे दिवा लावायला गेले. एरवी एक कान टीव्हीकडे असतो. त्या दिवशी टीव्ही बंद केला, वात नीट केली आणि मग हात जोडले.