एका बोटाची सोय

अंबा तंजावरच्या एका पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर शिकवायची. मेलवीथीतल्या तिच्या घरी मराठी चाले ती तमिळच्या हेलात, आणि देवनागरी कुणालाच वाचता येत नसे. थोरला भाऊ वैद्यनाथ, तिचा अण्णा, कॉलेजात गणिताचा प्राध्यापक होता. चाळिशीच्या आतच त्याचे स्नायू झिजत गेले, नोकरी सुटली, आणि शेवटी उजव्या हाताचं एक बोट तेवढं त्याच्या ताब्यात उरलं.

कॉम्प्युटर स्वस्त होऊन घरोघरी येऊ लागले ते दिवस. अंबानं सुटे भाग जोडून एक करून घेतला. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला, फुकट मिळणारा एक लेखनाचा प्रोग्रॅम होता. त्यात कुणालाही भर घालता येई. तिनं अण्णासाठी त्यात एक सोय घातली. पडद्यावर अक्षरं एकेक करून सरकत, हवं ते आलं की एक कळ दाबायची. त्यावर अण्णा जुन्या विद्यार्थ्यांना गणितं सोडवून पाठवी. एका पानाला अख्खी दुपार जाई.

ज्या वर्षी कावेरीला पाणी आलं नाही, त्या वर्षी प्रोग्रॅमचं काम पाहणाऱ्या बंगळूरच्या नटराजची मेल आली. तमिळ, देवनागरी अशा लिप्यांत लिहिता यावं म्हणून कळफलकाचा भाग नव्यानं लिहायचा होता, आणि एका कळीची ती सोय आड येत होती. ती नव्यानं लिहायची तर काही महिन्यांचं काम. नटराजनं लिहिलं होतं, सोय तुमची आहे, ठेवायची की काढायची ते तुम्हीच ठरवा.

अंबानं प्रोग्रॅमच्या मेल-यादीवरच्या सगळ्या सभासदांना विचारलं की कुणी ती वापरतं का. महिनाभर कुणाचंच उत्तर आलं नाही. पण ज्याला एकेका अक्षरासाठी ताटकळावं लागतं, तो उत्तर लिहायला बसेल कशाला, हेही तिच्या मनात येई. आणि याच सुमारास अण्णाचं बोट थांबलं.

आता ठेवायला कारण उरलं नव्हतं, आणि नेमकं त्यामुळेच तिला काढवेना. आई जयलक्ष्मीला सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "उद्या त्याचं बोट हललं, तर?"

डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, ते आईलाही ठाऊक होतं.

एका संध्याकाळी अंबा अण्णाच्या उशाशी बसली आणि तिनं त्यालाच विचारलं. आता ती इंग्रजी अक्षरं ओळीनं म्हणायची, आणि हवं ते आलं की तो डोळे मिटायचा. के. मग ए. पुन्हा ए. तिला कळलं, पण त्याचा शब्द दुसऱ्यानं पुरा केलेला त्याला कधीच खपत नसे. म्हणून डी आणि एच येईपर्यंत ती म्हणत राहिली.

"काढ?" तिनं विचारलं.

त्यानं डोळे मिटले. ती उठू लागली, तर तो तिच्याकडे टक लावून पाहत राहिला. ती पुन्हा बसली. बऱ्याच वेळानं जुळलं ते असं: लोक लिहू दे.

आई दारात उभी राहून ऐकत होती. ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी अंबानं सोय काढली. घालायला तिला एक अख्खी सुट्टी लागली होती; काढताना समोरचा चहासुद्धा निवला नाही. जुनी आवृत्ती कायम मिळत राहावी, एवढं तिनं नटराजकडून कबूल करून घेतलं.

अण्णा मार्गळी महिन्याच्या थंडीत गेला. नवी आवृत्ती त्यानंतर आली. प्रयोगशाळेत मुलांनी आपापली नावं तमिळमध्ये उमटवली, एकमेकांना बोलावून दाखवली. अंबा त्यांच्या मागं उभी राहून चुका सांगत होती. मग तास संपायच्या आधीच ती बाहेर गेली.

पुढं कधीमधी ती जुन्या आवृत्तीचं पान उघडून किती जणांनी ती उतरवून घेतली ते बघे. आकडा अधूनमधून वाढत होता. ते लोक कोण, त्यांना ती कशासाठी हवी, हे मात्र तिथं कळण्यासारखं नव्हतं.